यंत्राचा अंदाज आणि अधिकाऱ्याची सही

सोलापुराहून वाडीकडे जाणाऱ्या गाडीने ज्या श्रोत्यांनी दिवसाउजेडी प्रवास केला असेल, त्यांना दुधनी हे स्थानक कदाचित आठवत असेल. अक्कलकोट तालुक्यातील, महाराष्ट्राच्या अगदी सीमेवरचे हे गाव. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा येथे सारख्याच सहजतेने कानी पडतात. गावाबाहेर पडले की काळी जमीन लागते आणि हंगाम असेल त्याप्रमाणे तीवर तूर किंवा ज्वारी उभी असते. गावाला नगरपरिषद आहे, कृषी उत्पन्न बाजार समिती आहे, आणि तुरीची पेठ म्हणून आसपासच्या मुलखात त्याचे नाव आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता आणि राज्यकारभार या विषयावरील भाषणात अशा गावाचे नाव निघावे याचे कोणासही नवल वाटेल. हा विचार दिल्लीत, मुंबईत, फार तर पुण्यात करावयाचा, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु धोरणकर्त्यांच्या मेजावर यंत्राने काढलेला जो नकाशा ठेवला जातो, त्यावरील एकेक ठिपका म्हणजे दुधनीसारख्या ठिकाणचे शेत असते, आणि नकाशा वाचण्यात चूक झाली तर ती तेथे भोगावी लागते. म्हणून विषयाला तेथूनच हात घालणे बरे.

पाऊस ओढ धरतो त्या वर्षी सरकारला एक निर्णय करावा लागतो. कोणता तालुका दुष्काळी म्हणावयाचा आणि कोणता नाही, हा तो निर्णय होय. दिसावयास हा एका शब्दाचा प्रश्न आहे. पण तालुका यादीत आला की जमीन महसुलात सूट मिळते, सहकारी कर्जाची फेरबांधणी होते, शेतीच्या कर्जाची वसुली थांबते, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत मिळते, शाळा-महाविद्यालयांतील मुलांचे परीक्षा शुल्क माफ होते, रोजगार हमीच्या कामांचे नियम सैल होतात आणि पाण्याचे टँकर येतात. यादीबाहेर राहिलेल्या तालुक्यात एखाद्याच्या शेतावर पाऊस तितकाच कमी पडला असला, तरी यांपैकी काहीच त्याच्या वाट्यास येत नाही.

हा निर्णय पूर्वी बव्हंशी डोळ्यांनी होत असे. गावोगावी पिकाची आणेवारी ठरे. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक, आणि त्या मानाने यंदाचे किती आणे, हे महसूल खात्याची माणसे शेतावर उभी राहून अंदाजाने सांगत. नाणी बदलली आणि आणेवारीची पैसेवारी झाली; पन्नास पैशांच्या आत पीक म्हणजे टंचाई, हा हिशेब लोकांच्या तोंडी बसला. २०१६ साली केंद्र सरकारने दुष्काळाची नवी नियमपुस्तिका काढली आणि डोळ्यांची जागा मोजमापाने घेतली. प्रथम पावसाची तूट पाहावयाची. मग उपग्रहाने टिपलेला पिकांचा हिरवेपणा, जमिनीतील ओल, पेरणीखालील क्षेत्र आणि भूजल व जलाशय यांची स्थिती पाहावयाची. आणि ही परीक्षा ज्या तालुक्यांना लागू पडते, तेथील दहा टक्के गावे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडून तेथे प्रत्यक्ष पाहणी करावयाची, असा हा क्रम आहे. महाराष्ट्रात ३५८ तालुके आहेत. २०१८ साली यांपैकी १५१ तालुके या रीतीने दुष्काळी ठरले. २०२३ साली ३१ ऑक्टोबरला जी यादी निघाली, तीत अवघे ४० तालुके होते. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी, करमाळा, माढा, माळशिरस आणि सांगोला ही पाच नावे तीत होती. अक्कलकोटचे नव्हते.

येथे दुधनीकराच्या मनात जो प्रश्न येईल, तो मुंबईच्या कचेरीत बसलेल्याच्या मनात सहसा येत नाही. दुधनीच्या पूर्वेस काही मैलांवर कर्नाटक राज्य सुरू होते. त्या राज्याने त्याच वर्षी १३ सप्टेंबरलाच १९५ तालुके दुष्काळी ठरविले आणि पुढे ती संख्या २३६ पैकी २२३ पर्यंत नेली. दोन्ही राज्यांपुढे केंद्राची नियमपुस्तिका एकच, उपग्रह तेच, आणि सीमेवरच्या शेतांपुरते बोलावयाचे तर आभाळही एकच. मग सप्टेंबराच्या मध्यास एका राज्याला जे दिसले ते दुसऱ्याला ऑक्टोबर संपेपर्यंत का दिसू नये? पावसात राज्याराज्यांचा काही फरक असतो, हे खरे. पण नियम केव्हा लावावयाचा, कोणत्या तारखेपर्यंतचे आकडे धरावयाचे, तूट दिसताच बोलावयाचे की हंगाम संपण्याची वाट पाहावयाची, हे कोणतेही यंत्र ठरवीत नाही. ते माणसे ठरवितात. यंत्राच्या अलीकडे माणूस आहे आणि पलीकडेही माणूस आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चर्चेत मधल्या यंत्राविषयी फार बोलले जाते आणि या दोन टोकांच्या माणसांविषयी फार थोडे.

महाराष्ट्रातही ती यादी तेवढ्यावर थांबली नाही. ओरड झाली, लोकप्रतिनिधी धावले, आणि नोव्हेंबरात सरकारने आणखी १,०२१ महसुली मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती असल्याचे जाहीर केले. त्यासाठी वेगळा निकष लावण्यात आला: पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरच्या आत. शिस्तप्रिय लोक अशा फेरफाराला राजकारण म्हणून नाक मुरडतात. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. परंतु लोकांची ओरड हेही एक प्रकारचे मोजमाप आहे, आणि सूत्राने न टिपलेली गोष्ट तिने अनेकदा टिपलेली असते. तिचा दोष इतकाच की ती सगळीकडून सारख्या जोराने ऐकू येत नाही. कानडी बोलणाऱ्या सीमेवरच्या गावाचा आवाज मुंबईला पोहोचेपर्यंत बराच बारीक होतो.

दुष्काळाचे हे कोष्टक म्हणजे अजून साधे गणितच आहे. त्याच्या पुढची पायरी आता सुरू झाली आहे. पीकविमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून भात आणि गहू या पिकांच्या उत्पादनाचा अंदाज बांधताना उपग्रह व हवामान यांवरून यंत्राने काढलेल्या आकड्याला किमान ३० टक्के वजन द्यावे, असे केंद्राने ठरविले. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने १७ जून २०२५ रोजी शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेचे २०२५ ते २०२९ या काळाचे धोरण मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. पुढे पिकांचा अंदाज, किडीचा इशारा, नुकसानीची मोजदाद या कामांत असे यंत्र मंत्र्यांच्या आणि सचिवांच्या हाताशी अधिकाधिक येत जाणार. ते येऊ नये असे म्हणणारा मनुष्य जुन्या पद्धतीची हकीकत विसरला आहे.

ती हकीकत फारशी अभिमानास्पद नाही. १९१७-१८ साली खेडा जिल्ह्यात अतिवृष्टीने पीक बुडाले. पीक चार आण्यांच्या आत असेल तर त्या वर्षीचा सारा तहकूब व्हावा, असा त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील नियम होता. पीक चार आण्यांच्या आत आहे असे शेतकरी म्हणत. वर आहे असे सरकारी अधिकारी म्हणत. भारत सेवक समाजाचे देवधर, जोशी आणि ठक्कर यांनी जाऊन चौकशी केली, गांधीजींनी केली, त्रयस्थ पंच नेमावा अशी मागणी झाली, ती अमान्य झाली, आणि मार्च १९१८ मध्ये सत्याग्रह उभा राहिला. म्हणजे एका आकड्यावरून एवढे मोठे प्रकरण घडले. आणि तो आकडा कसा निघाला होता? ज्याला सारा वसूल करावयाचा त्यानेच शेतावर उभे राहून पिकाकडे नजर टाकली होती. वसुली करणाऱ्याचा डोळा भरघोस पीक पाहतो आणि देणाऱ्याचा डोळा भुई पाहतो, यात कोणाची लबाडी असलीच पाहिजे असे नाही. माणसाची नजर तशीच असते.

डोळ्यांची चूक ही एक, आणि कोष्टकावरील विश्वासाची चूक ही दुसरी. दुसरीचे उदाहरण बार्डोलीचे आहे, आणि आजच्या विषयाला ते अधिक जवळचे आहे. तेथील सारा वाढविण्याची शिफारस करताना जमाबंदी अधिकाऱ्याने खंडाच्या दरांची कोष्टके जोडली होती. ती वरिष्ठांकडे गेली. जमाबंदी आयुक्त अँडरसन यांनी त्याची इतर कारणे बाजूस सारली आणि नेमक्या त्या कोष्टकांवर आपल्या शिफारशीची सारी इमारत उभारली. कारण खालच्या अधिकाऱ्याने ती तपासून घेतली असणार असे त्यांनी गृहीत धरले. सरकारने सारा २२ टक्क्यांनी वाढविला. १९२८ चा लढा झाला, ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल यांची चौकशी बसली, आणि त्या दोघा इंग्रज अधिकाऱ्यांनी गावोगाव हिंडून पाहिले तेव्हा आढळले की ती कोष्टके प्रत्यक्ष पडताळून पाहिलेलीच नव्हती. वाढ ६.०३ टक्क्यांवर आली. खालच्याला वाटले आकडे वर कोणी तरी पाहील. वरच्याला वाटले खाली कोणी तरी पाहिले असेल. आणि मधल्या मध्ये कोष्टकाला असा अधिकार प्राप्त झाला की जो कोणीही त्याला दिला नव्हता. कोष्टकाच्या जागी आज संगणकाने काढलेला रंगीत नकाशा ठेवला, तर या गोष्टीत एक अक्षरही बदलावे लागणार नाही.

यंत्राला आकडे कोण शिकवितो, हाही प्रश्न असाच आहे. पिकाचा अंदाज बांधणारे यंत्र आपल्या बुद्धीने काही जाणत नाही. ज्या शेतांत माणसांनी पीक कापून, झोडपून, तोलून पाहिले, तेथील वजने आणि त्याच शेतांची आभाळातून घेतलेली चित्रे ही दोन्ही त्याच्यापुढे हजारोंनी मांडावी लागतात. तेव्हा ते त्यांतील संगती लावते आणि न कापलेल्या शेतांविषयी बोलू लागते. या पीककापणी प्रयोगांचे शास्त्र या देशात १९४० नंतरच्या दशकात घडले, आणि त्यात दोन महाराष्ट्रीय नावे मोठी आहेत: सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पांडुरंग सुखात्मे आणि त्यांचे सहकारी पानसे. त्या काळी प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमध्ये लहान लहान तुकडे कापून अंदाज काढीत. लहान तुकड्याने उत्पादन वास्तवाहून अधिक दिसते, असे सुखात्म्यांनी १९४६ साली दाखवून दिले. कारण मोठे गमतीचे आहे. तुकड्याच्या कडेवर जी रोपे येतात, ती आत धरावयाची की बाहेर, असा प्रश्न कापणाऱ्याला पडतो, आणि त्याचा हात नकळत त्यांना आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितकी त्याची कड क्षेत्राच्या मानाने मोठी आणि तितकी चूकही मोठी. महालनोबिसांना हे सर्वस्वी मान्य नव्हते, आणि शिकविलेल्या माणसांकडून लहान तुकडाही नीट कापून घेता येतो हा त्यांचा दावा विचार करण्यासारखा होता. पण मुद्दा असा की हाताची ती बारीकशी ओढ आकड्यात शिरते, आकड्यावाटे यंत्रात शिरते, आणि यंत्रातून ती बाहेर पडते तेव्हा तिला हाताचा वास येत नाही.

पीकविम्याच्या नियमानुसार एका महसुली मंडळात एका पिकासाठी किमान दहा प्रयोग करावयाचे असतात. दिवस ठरलेले, माणसे अपुरी, वाट चिखलाची. सायंकाळी दमलेल्या कर्मचाऱ्याने दहावा प्रयोग कसा केला यावर पुष्कळ काही अवलंबून असते. यंत्र आले की हे प्रयोग कमी करता येतील, असे काही जण उत्साहाने सांगतात. हे म्हणणे धाडसाचे आहे. गुरूला रजा दिल्यावर शिष्य किती दिवस जुन्या पाठावर चालणार?

आता तुरीकडे वळू या. दुधनीचा प्रपंच तिच्यावर चालतो. तूर जून-जुलैत पेरतात. पुष्कळदा ती एकटी नसते. मूग, उडीद, सोयाबीन असे एखादे लवकर येणारे पीक तिच्या ओळींमध्ये असते, ते निघून गेले की तूर एकटी वाढते, आणि शेंगा भरून पीक हाती यावयास डिसेंबर-जानेवारी उजाडतो. दुष्काळाची यादी ऑक्टोबर संपता संपता निघते. त्या वेळी तूर नुकती फुलावर येत असते. तिचे बरेवाईट अजून ठरावयाचेच असते. पुढे आभाळ दाटून राहिले, धुके पडले, फुले गळाली, शेंगा पोखरणारी अळी पडली, तर हिरवेगार शेत डिसेंबरात रिकामे निघते. याहूनही बोलके उदाहरण तुरीच्या वांझ रोगाचे आहे. कोळी जातीच्या सूक्ष्म किडीने पसरणाऱ्या या रोगात झाड मरत नाही. ते दाट, झुडपासारखे वाढते, फिकट हिरवे राहते, आणि त्याला फूल किंवा शेंग धरत नाही. हिरवेपणा मोजणाऱ्या यंत्राला आभाळातून ते पीकच दिसणार. शेताच्या बांधावर उभ्या राहिलेल्या बाईला ते पीक नाही हे लांबूनच कळते.

उलट चूकही होते. सोलापूर जिल्हा हा पूर्वापार रब्बीचा, ज्वारीचा जिल्हा. येथील पुष्कळ काळी राने पावसाळाभर मोकळी ठेवतात आणि ओल धरून सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. ज्या यंत्राला ही रीत शिकविलेली नाही, त्याला ते रान ओसाड वाटेल. शिकविली तर वाटणार नाही. यंत्राची ही मर्यादा दूर होण्यासारखी आहे. पण ती शिकविली आहे की नाही, हे विचारण्याचे भान नकाशा पाहणाऱ्या सचिवाला असले पाहिजे, आणि असे भान हुकमाने येत नाही.

मग प्रत्यक्ष जाऊन पाहणारा माणूस असतोच की, असे कोणी म्हणेल. दुष्काळाच्या पुस्तिकेतही दहा टक्के गावांची पाहणी सांगितली आहे. येथेच मानवी स्वभावाची खरी अडचण आहे. असे समजा की तालुक्याच्या एखाद्या मंडळातील पीक बरे आहे, असा यंत्राचा निष्कर्ष हातातील दूरध्वनीवर आलेला आहे, आणि तो घेऊन तलाठी (सरकारने त्याचे नाव बदलले असले तरी लोक त्याला अजून तलाठीच म्हणतात) बांधावर उभा आहे. त्याला तूर वांझ दिसते. त्याने यंत्राशी सहमती दर्शविली तर एक बटण दाबून घरी जाता येते. असहमती दर्शविली तर छायाचित्रे, खुलासा, वरून फोन, पुढे हिशेब तपासनिसांचा शेरा, आणि कोणाच्या सांगण्यावरून आकडा बदलला असा संशय. सहमतीला काहीच मोल पडत नाही, असहमतीला पडते. अशा व्यवस्थेत पाहणी करावयास शंभर माणसे पाठविली, तरी त्यांतील नव्वद जण यंत्र म्हणते तेच पाहून परततील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

या प्रवृत्तीचा अभ्यास विमानचालकांवर प्रथम बारकाईने झाला. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत मोझिअर आणि स्किटका या विदुषींनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानाच्या नकली कक्षात अनुभवी वैमानिकांना बसविले. इंजिनाला आग लागल्याचा खोटा इशारा यंत्राने दिला. बाकीची सारी उपकरणे इंजिन ठीक असल्याचे दाखवीत होती. वैमानिकांनी इंजिन बंद केले. याहून चमत्कारिक म्हणजे, आगीची दुसरीही खूण दिसली होती असे त्यांच्यापैकी अनेकांनी मागाहून सांगितले. तशी खूण तेथे नव्हतीच. यंत्रावर ठेवलेला विश्वास माणसाच्या आठवणीतसुद्धा पुरावा निर्माण करतो, मग शेताच्या पाहणीत तो काय करील हे सांगावयास नको.

आकडा अगोदर कानावर पडला की स्वतःचा अंदाज त्याच्याभोवती घुटमळू लागतो, हेही सिद्ध झालेले आहे. ट्व्हर्स्की आणि काहनमन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांपुढे एक चक्र फिरविले. ते १० किंवा ६५ वर थांबे. मग त्यांना विचारले की संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकेतील देश शेकडा किती. दहाचा आकडा पाहिलेल्यांचे मध्यम उत्तर २५ आले, पासष्ट पाहिलेल्यांचे ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा संबंध नाही, हे त्यांना ठाऊक होते. जत्रेतील चक्राने एवढे घडते, तर सरकारी मुद्रेसह आलेल्या आकड्याने किती घडावे?

परंतु या गोष्टीची दुसरी बाजू सांगितली नाही तर भाषण एकांगी होईल. माणसाचा अनुभवी अंदाज साध्या सूत्रापेक्षा सरस असतो, ही समजूत पॉल मील या मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच मोडीत काढली होती. त्याने सुमारे वीस अभ्यास तपासले. तज्ज्ञ मंडळी बहुतेक ठिकाणी सूत्राच्या मागे किंवा फार तर बरोबरीला राहिली. असे असूनही लोक यंत्राची एक चूक डोळ्यांनी पाहिली की त्याला कायमचे टाकून देतात आणि त्याहून अधिक चुकणाऱ्या माणसाकडे परत जातात; डिएटव्हर्स्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली हे प्रयोगाने दाखविले. त्यांनाच पुढे असेही आढळले की यंत्राच्या आकड्यात थोडासा फेरफार करण्याची मुभा दिली, तर माणसे ते आनंदाने वापरतात. मंत्रालयात दोन्ही स्वभावांची माणसे सापडतात. यंत्र म्हणते म्हणून डोळे मिटून सही करणारा एक, आणि गेल्या वर्षी यंत्र चुकले म्हणून यंदा सारा कारभार आपल्या माणसांच्या शब्दावर चालविणारा दुसरा. कित्येकदा हे दोन्ही एकाच देहात नांदतात: आकडा आपल्या इच्छेला अनुकूल असला की तो शास्त्रीय, प्रतिकूल असला की प्राथमिक.

यंत्राच्या आडून जबाबदारी टाळता येते, हे राज्यकर्त्यांना त्याचे सर्वांत मोठे आकर्षण असावे अशी शंका येते. अमुक तालुका वगळला तो कोणी, या प्रश्नाला निकषांनी वगळला असे उत्तर देता येते. हॉलंडमध्ये मुलांच्या संगोपनासाठी मिळणाऱ्या भत्त्याच्या बाबतीत हेच झाले. तेथील करखात्याचे एक यंत्र अर्जांना धोक्याचे गुण देई. ज्या अर्जाला गुण अधिक, तो तपासणाऱ्या कर्मचाऱ्यापुढे येई. गुण का अधिक मिळाले, हे त्या कर्मचाऱ्याला कळण्याची सोयच नव्हती. अर्जदाराचे राष्ट्रीयत्व परके असणे हेही त्या गुणांत धरले जाई, हे नंतर उघड झाले. हजारो निरपराध कुटुंबांकडून सारे पैसे परत मागितले गेले, संसार मोडले, आणि १५ जानेवारी २०२१ रोजी तेथील मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. त्या व्यवस्थेतही शेवटी तपासणारा माणूस होता. माणूस बसविला की सुरक्षितता आली, असे समजणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

त्या खुर्चीतील माणसाला खरोखर पाहता यावे यासाठी करता येण्याजोग्या गोष्टी फारशा खर्चाच्या नाहीत. बांधावर जाणाऱ्याने आपला अंदाज अगोदर लिहून बंद करावा आणि मगच त्याला यंत्राचा आकडा दिसावा. चक्रावरील आकड्याची भूल एवढ्याने बरीच उतरेल. सहमतीलाही दोन ओळींचे कारण द्यावे लागावे, म्हणजे असहमती हा गुन्हा ठरणार नाही. चिठ्ठीने निघालेल्या गावांबरोबरच, जेथे माणसाचा आणि यंत्राचा अंदाज एकमेकांपासून फार दूर पडतो, त्या गावांत अधिक माणसे पाठवावी, कारण शिकण्यासारखे असेल तर तेथेच असेल. कोणी केव्हा यंत्राचा आकडा बदलला आणि हंगामाअखेर कोण खरा निघाला, याची वही ठेवावी. तलाठ्याला धीर येण्यास, आणि लहर म्हणून आकडे फिरविणाऱ्यास आळा बसण्यास, ती एकच वही पुरेल. आणि सीमेवरील गावांत ही सारी चौकशी लोकांना समजेल त्या भाषेत व्हावी. तुरीला तोगरी म्हणणाऱ्या शेतकऱ्याला वांझ झाडांविषयी जे सांगावयाचे असते, ते मराठी प्रपत्राच्या रकान्यात आपोआप उतरत नाही.

हंगामाअखेरचा खरेपणा कशावरून ठरवावयाचा, असा प्रश्न राहतो. खरीप गावांची अंतिम पैसेवारी डिसेंबराच्या मध्यास जाहीर होते. त्या सुमारास तुरीची काढणी कोठे नुकती सुरू झालेली असते. पुढे जानेवारी-फेब्रुवारीत दुधनीच्या बाजार समितीत तुरीची पोती येऊ लागतात. तेथे ती तोलली जातात आणि आवकेची नोंद रोज होते. ही नोंदही निर्दोष नाही; तीत कर्नाटकातून आलेली तूर मिसळलेली असते, आणि भाव वाढतील या आशेने घरी ठेवलेली तूर तीत दिसत नाही. तथापि गावागावांनुसार ती वेगळी करून ठेवली, तर ऑक्टोबरातील नकाशा, डिसेंबरातील पैसेवारी आणि तराजूवरील वजन ही तिन्ही एका ओळीत मांडून पाहता येतील. पाच-सात वर्षांच्या अशा ओळी हाती आल्या, म्हणजे अक्कलकोटच्या या टोकाला यंत्र कोणत्या बाजूस चुकते आणि माणूस कोणत्या, हे मुंबईत बसलेल्यासही सांगता येईल. नोंद करणारा कारकून बाजार समितीत आजही बसलेला आहे. विक्रीस आलेली तूर कोणत्या गावची, एवढा एक रकाना त्याच्या पावतीत वाढवावा लागेल.